मार्गशीर्षातलं खळं

मी पस्तीस वर्षं पोरींना खो-खो शिकवला. ज्या खेळात धाप लागत नाही त्याला खेळ म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. त्यामुळं आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला आलेल्या फ्रेंच बाईंनी आपला नवरा धंदेवाईक गोल्फ खेळाडू असल्याचं सांगितलं, तेव्हा मी तोंडावर "वा, छान" म्हणालो आणि खाली येऊन बायकोला म्हणालो, "माणूस रिकामटेकडा दिसतोय."

बाई तेरला आल्या होत्या खापरांसाठी. आमच्या गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, कुदळ मारली की जुन्यापान्या काळातली खापरं निघतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे आणि त्याचं आम्हाला काडीचं अप्रूप नाही. त्या खापरांच्या चकत्या रचून आम्ही लगोरी खेळलोय. बाई मात्र संग्रहालयात दिवसभर बसून एकेक तुकडा मोजायच्या. मराठी त्या पुण्यात शिकलेल्या. पुस्तकी, पण स्वच्छ. त्यांचा लाडका शब्द होता 'किती'. किती रुंद, किती खोल, किती जुनं, किती लांब. भाकरी ताटात पडली की तिचीही रुंदी विचारतात की काय अशी मला धास्ती असायची, आणि एकदा त्यांनी ती विचारलीच. गावात त्यांचं नाव खापरवाल्या बाई असं पडलं. नवऱ्याला नाव पडायचं तर त्यानं काहीतरी करायला हवं होतं, आणि पहिले आठ दिवस तो नुसताच हिंडला.

उंच, उन्हानं रापलेला, कमरेत जरासा वाकलेला माणूस. वय एकोणपन्नास. सकाळी तेरणेच्या काठानं लांबवर चालून यायचा, आला की जिन्यावर बसून बुटांची माती काडीनं खरवडायचा. माझ्या बायकोकडून त्यानं दुसऱ्या दिवशीच 'व्हय' आणि 'न्हाय' हे दोन शब्द उचलले. पुढं दोन हिवाळे त्यानं त्या दोन शब्दांवर काढले. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच तोडकं होतं, म्हणून आमचं जमायचं. आणि अडलं तिथं बाई होत्याच.

एका संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना मी बाईंना सरळच विचारलं, "यांनी स्पर्धा किती जिंकल्या?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं, तरी त्यांनी प्रश्न त्याच्याकडं सोपवला. त्यानं मूठ वर धरली आणि उघडली. मुठीत काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "एकही नाही. बावीस वर्षांत."

मी कप खाली ठेवला. बावीस वर्षं हरून पुन्हा आपण खेळाडू आहोत असं सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. बाईंना माझा चेहरा वाचता आला असावा, कारण मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्याचा बाप गोल्फच्या मैदानावर गवत कापणारा माळी होता, म्हणजे हा श्रीमंतांचा खेळ त्याच्या घरात मागच्या दारानं आला. एकविसाव्या वर्षी तो धंदेवाईक झाला. या खेळात त्यांच्याकडं एक कार्ड लागतं. कार्ड म्हणजे त्या वर्षी मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना. वर्षाअखेर यादीत जे खाली राहतात त्यांचं कार्ड जातं. मग पुन्हा परीक्षा, नव्या दमाच्या शेकडो पोरांबरोबर, आणि पास झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही परीक्षा तो नऊ वेळा बसला होता. सात वेळा पास झाला.

मी शिक्षक माणूस, एकच परीक्षा नऊ वेळा देणाऱ्याबद्दल माझं मत काय असणार? पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना तीच गोष्ट मला उलट्या बाजूनं दिसली. परवाना सात वेळा हातातून गेला आणि सात वेळा त्यानं तो परत आणला. माझ्या पोरी एक सामना हरल्या की आठवडाभर मैदानाकडं फिरकायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही फिरकायचो नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी मात्र त्याचा हात गेला. म्हणजे हाताला काही झालं नाही. दोनशे पावलांवरून तो चेंडू अजून हवा तिथं टाकायचा. पण शेवटचा हातभर, दीड हातभर ढकलायचा, जो आमचा नातूही ढकलेल, तिथं त्याचं उजवं मनगट उडायचं. सुईत दोरा ओवताना उडतं तसं. या दुखण्याला त्यांच्याकडं नाव आहे आणि औषध नाही. त्यातच कार्ड गेलं, आणि पुढची सहा वर्षं तो पैसेवाल्यांच्या मुलांना खेळ शिकवत राहिला.

आता पन्नाशी जवळ आली होती, आणि पन्नाशीपुढच्यांसाठी म्हणे तिकडं वेगळ्या स्पर्धा असतात. त्यांचंही कार्ड, त्यांचीही परीक्षा. जागा पाच. बाईंनी नवऱ्याशी करार केला होता: त्यांचं काम तेरला दोन हिवाळे चालणार होतं. तेवढे दोन हिवाळे त्यानं हात दुरुस्त करायचा, दुसऱ्या हिवाळ्यात परीक्षा द्यायची, आणि नाही जमलं तर ती गोल्फच्या काठ्यांची पिशवी कायमची माळ्यावर. "मी बावीस वर्षं त्याचा चेहरा पाहिला आहे," बाई म्हणाल्या. "तो आणखी किती पाहायचा?"

तर हा माणूस हिंडत होता तो जागा शोधत. त्याला हवं होतं गुळगुळीत, कापलेलं गवत. आमच्याकडं गवत उगवतं ते म्हशीसाठी. माडीवरच्या गच्चीत त्यानं काठी चालवून बघितली, तर सिमेंटवर चेंडू निसटून सरळ मोरीत. शाळेच्या मैदानावर खडे. ओट्यावरून हे सगळं बघत असलेली माझी बायको एक दिवस शेंगा फोडता फोडता म्हणाली, "पाव्हण्याला खळं करून द्यू का?"

मला हसू आलं. मार्गशीर्ष लागायचा होता. ज्वारी अजून पोटऱ्यातही आली नव्हती. खळं लागतं ते फाल्गुनात, आणि आता फाल्गुनातही लागत नाही; मळणीचं यंत्र शेतात येतं आणि तासाभरात सगळं उरकून जातं. हिनं शेवटचं खळं केलं त्याला पंधरा वर्षं झाली असतील. पण हिच्या मनात एकदा आलं की माझ्या हसण्याला कोण विचारतो.

शेत आमचं गावाला लागूनच. बांधालगतचा तुकडा हिनं उकरला, ढेकळं फोडली, पाणी मारून माती भिजवली आणि दोन दिवस चोपून काढली. पाहुणा तिच्या हातातलं चोपणं मागून घ्यायचा आणि चुकीचं मारायचा. येणारेजाणारे बांधावरून विचारायचे, "काय वो, औंदा आधी खळं आन मग पेरणी का?" ही चोपत राहायची.

तिसऱ्या दिवशी तिनं तांब्याभर पाणी खळ्याच्या मधोमध ओतलं आणि उकिडवी बसून बघत राहिली. पाणी थोडं थबकलं, मग बांधावरच्या कडुलिंबाच्या अंगाला निघालं. तिनं तिथं मूठभर माती दाबली, पुन्हा तांब्या ओतला, पुन्हा बसली. सारवायच्या आधी हे करतातच. नाहीतर सारवण पाणी धरतं आणि पोपडे येतात. मी हे जन्मभर बघत आलोय. पाहुणा मात्र तिच्या शेजारी जमिनीला गाल लावून आडवा झाला आणि पाण्याची धार कुठं वळते ते बघायला लागला. दहाव्या तांब्यापासून तो बोटानं आधीच वाट दाखवायचा. ही मान हलवायची. "न्हाय." मग धार ही म्हणेल तिकडं जायची.

शेणानं सारवून झाल्यावर चेंडू त्याच्यावर सरळ चालेना. हातानं सारवलं की बोटांचे फराटे उठतात, आणि चेंडू त्या फराट्यांवरून अडखळत जायचा. त्यानं फराट्यावरून हळूच बोट फिरवलं आणि हिच्याकडं बघितलं. हिनं शेणाचा पातळ काला केला, जुन्या धोतराचं फडकं भिजवलं आणि एका दिशेनं पुसत सगळं खळं पुन्हा काढलं. वाळल्यावर चेंडू सोडला तर तो गुपचूप चालत गेला आणि थांबला. पाहुणा खळ्याबाहेर बूट काढून अनवाणी आत आला. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

भोक पाहिजे होतं. त्यानं दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल दाखवला. हिनं घरातलं स्टीलचं फुलपात्र आणून काठापर्यंत जमिनीत पुरलं.

आणि मग मी त्याचं दुखणं डोळ्यांनी बघितलं. दहा पावलांवरून त्यानं चेंडू सोडला, तो वळणावळणानं येऊन फुलपात्रापासून दीड हातावर थांबला. मी म्हटलं, वा. मग तो त्या दीड हातासाठी उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला की बांधावरचा कुत्रा उठून गेला. मनगट उडालं. चेंडू फुलपात्राला वळसा घालून पुढं गेला. मी हसलो. पस्तीस वर्षं मैदानावर काढलेला माणूस मी, आणि मी हसलो. त्यानं वर बघितलं नाही, चेंडू उचलून पुन्हा तिथंच ठेवला. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी विहिरीवर मोटार बघायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी त्याच्याबरोबर जायला लागलो. कारण विचाराल तर लाज. त्यानं स्वतःला एक नियम घालून घेतला होता: दीड हातावरून ओळीनं पन्नास चेंडू फुलपात्रात. एक चुकला की पुन्हा एकपासून. मोजायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या आठवड्यात तो नऊच्या पुढं गेला नाही. चिडणं नाही, काठी आपटणं नाही, आकाशाकडं बघणं नाही. चुकला की तो चालत जाऊन चेंडू आणायचा, आणि मी म्हणायचो, "एक."

बायको कडेला तुरीच्या शेंगा तोडत असायची. पंधराएक दिवस तिनं नुसतं बघितलं. एक दिवस बाईही आल्या होत्या, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, ह्यास्नी सांगा, तुमी त्या भोकाकडं बगताव म्हणून हात उडतोय. पाण्याला कुटं भोक दिसतंय? त्ये आपलं उतारानं जातंय. भोकाचं भोक बगून घेतंय."

बाईंनी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. तो खळ्याच्या कडेला जाऊन बसला आणि त्या दिवशी एकही चेंडू खेळला नाही.

दुसऱ्या दिवशी तो फुलपात्राकडं बघेना. चेंडूच्या पुढ्यात चार बोटांवर जमीन जिथं कलते तिथं नजर ठेवायचा आणि तिथवरच ढकलायचा, पुढचं जमिनीवर सोपवून. लगेच काही चमत्कार झाला नाही, हे सांगितलं पाहिजे. गोष्टीत होतो तसा तो शेतात होत नाही. पण नवाचे चौदा झाले, चौदाचे बावीस. एका सकाळी मी एकोणपन्नास म्हणालो आणि माझा आवाज मलाच चिरका वाटला. पन्नासावा चेंडू काठाला चाटून बाहेर गेला. मी शिवी हासडली, अस्सल तेरची. तो चालत गेला, चेंडू आणला, जागेवर ठेवला आणि माझ्याकडं बघत थांबला. त्यानं एक बोट वर केलं. मग मला म्हणावंच लागलं, "एक."

त्या 'एक'ला मी त्याच्यापुढं मनानं वाकलो. माझ्या हाताखालून शेकडो खेळाडू गेल्या असतील, काही फार मोठ्या झाल्या, पण असा शांतपणे एकावर येणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

एकदा बाईंनी सवयीनं मोजपट्टी काढून विचारलं, "हे भोक किती रुंद आहे?" आणि मोजून बघतात तर नियमातल्या भोकापेक्षा फुलपात्र बरंच अरुंद. इतके दिवस तो लहान तोंडावर झगडत होता. बाई हबकल्या. मी तर कपाळावर हात मारला. खेळशिक्षक म्हणवून घेणाऱ्याला एवढं सुचू नये. बायको म्हणाली, "मग काय बिगडलं? बारक्या तोंडात जातंय त्याला मोठं काय जड हाय?" पाहुण्यानं फुलपात्र बदलायला नको म्हणून सांगितलं.

वेळ अमावस्येला माझ्या हातून जे झालं ते गाव अजून विसरलेलं नाही. आमच्या भागात त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा, आंबील, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाजीची भज्जी, आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. पांडव निवडायचं काम माझं. आणि दरवर्षी बायकोची तक्रार, की तुमच्या पांडवांत एक भीम आन बाकीचे लिंबू. त्या पहाटे मी चुन्याचा डबा घेऊन पुढं गेलो, चष्मा घरी विसरून. खोपीत बघतो तर पाच दगड ओळीनं मांडलेले, सारखे, गोल, शेणामातीनं माखलेले. म्हटलं, यंदा हिनं आपणच निवडले वाटतं. बरं झालं, बोलणी वाचली. ओळ न मोडता कुंचल्यानं चुना दिला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग घरची माणसं आली, आरती झाली, ज्वारीत आंबील शिंपडून झाली.

दुपारी पाहुणा आला, हातात काठी घेऊन, आणि इकडं तिकडं शोधायला लागला. आदल्या संध्याकाळी खळ्यावर माखलेले पाच चेंडू त्यानं सकाळी धुवायचे म्हणून खोपीत ठेवले होते. बायकोच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. ती पदर तोंडात कोंबून खोपीमागं गेली ती पाच मिनिटं आलीच नाही. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हात जोडून पुढं झालो, पूजेचाही आणि त्याच्या खेळाचाही असा माझ्या हातून दुहेरी अपराध झाला होता.

त्यानं काठी बाहेर ठेवली, बूट काढले आणि खोपीत वाकून बघितलं. बाईंनी सांगितलं, हे पाच भाऊ आहेत, आज यांची पूजा असते. तो म्हणाला, आणि बाईंनी ते मराठीत सांगितलं, की बावीस वर्षांत माझ्या चेंडूला कुणी हार घातला नव्हता. ते तिथंच राहू द्या. तेवढ्यात बायको डोळे पुसत आली आणि तिनं विचारलं, "बाई, परीक्षेत जागा किती म्हनला व्हताव?" पाच, हे ऐकून ती खुशीत आली आणि तिनं त्याच्या पानात भज्जीचा दुसरा ढीग वाढला. त्या पाच चेंडूंना आम्ही पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते आले तेव्हा खळं तयार होतं. कुणी हसलं नाही, उलट बांधावरून "पाव्हणं कवा येणार?" अशी विचारणा व्हायची. तो आता पन्नासचा झाला होता. रोज पन्नास ओळीनं जायचे, बहुतेक दिवशी दोनदा. वेळ अमावस्या झाली, तो जेवला, आणि तिसऱ्या दिवशी एकटाच परीक्षेला निघाला. बाईंचं आवरायचं काम उरलं होतं. त्या दोन दिवसांनी त्याच्यामागं गेल्या. तो निघताना बायकोनं त्याला सांगितलं, "भोकाकडं बगू नका." तो म्हणाला, "न्हाय."

परीक्षा चार दिवसांची. आमच्या मोबाइलवर नावांची यादी यायची आणि पुढं आकडे. या खेळात रोज अठरा भोकं खेळायची, आणि जितके फटके कमी तितका माणूस वर. तीन दिवस तो पाचवा, चौथा, पुन्हा पाचवा. चौथ्या दिवशी आम्ही दोघं दुपारपासून ओट्यावर, मोबाइल उशीला टेकवून. बायकोनं ज्वारी निवडायला घेतली होती, पण सूप हललं नव्हतं. सोळाव्या भोकापर्यंत तो पाचवा होता. मग त्याच्यापुढचा आकडा बदलला. एक फटका जास्त. तो सहावा झाला. सतरा झालं, अठरा झालं, यादी तशीच थिजली. पाच नावं वर, आणि खाली आमचा पाहुणा, एका फटक्यानं.

बायकोनं सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. दिवेलागणीला फोन वाजला. पडद्यावर दोघंही होते, तो टोपी काढून, बाई त्याच्या मागं.

बाईंनी सांगितलं ते असं. सोळाव्या भोकाला चेंडू झाडाखाली गेला होता. त्याच्याजवळचं एक वाळलेलं पान त्यानं उचललं, आणि चेंडू हलला. किती? तिळाएवढा, असं त्यानं दोन बोटांनी दाखवलं. सोबतचा खेळाडू पलीकडं आपला चेंडू शोधत होता. पंच कुणी नव्हता. या खेळात मागं मागं पंच फिरत नाही, एकानं दुसऱ्याचे फटके लिहायचे. कुणी बघितलं नव्हतं. त्यानं चेंडू जागेवर ठेवला, सोबतच्याला हाक मारली आणि सांगितलं, माझ्या नावावर एक वाढव.

माझं डोकं भडकलं. मी मोबाइलवर ओरडलोच, "अहो, कुणी बघितलं नव्हतं ना? दोन वर्षं काय उगाच एक एक म्हणत बसलो का मी?" बाईंनी ते भाषांतर केलं नाही.

मी ओरडलो खरा, पण ओरडता ओरडता मला माझी शिट्टी आठवली. फार वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका अंतिम सामन्यात पंच आला नाही म्हणून मला उभं केलं होतं, आणि खेळत होती माझीच शाळा. पाठलाग करणाऱ्या आमच्या पोरीचा पाय मधल्या पाटीवर पडलेला, म्हणजे फाऊल, मी स्वच्छ बघितला. शिट्टी तोंडातच होती. मी ती फुंकली नाही. समोरच्या पोरी एका गुणानं हरल्या. त्यातली एक मैदानातच बसून रडली होती, तिच्या फ्रॉकला मागं माती लागलेली मला अजून दिसते. ढाल शाळेच्या कपाटात आहे. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि इथंच पहिल्यांदा लिहितोय. स्पर्धा न जिंकलेल्या त्या माणसापुढं त्या संध्याकाळी मला माझं कपाट फार जड झालं. मी मोबाइल बायकोकडं सरकवला.

तिनं मोबाइल जवळ धरला. यादी, फटके, पान, तीळ, यातलं काही तिनं विचारलं नाही.

"पाव्हणं, शेवटचा दीड हात व्हता का?"

बाईंनी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. होता. अठराव्या भोकाला, सगळ्यांसमोर, नेमका दीड हात.

"मग हात उडाला का?"

हे त्याला भाषांतराशिवाय कळलं. त्यानं उजवा हात वर केला, पडद्यासमोर पालथा धरला आणि तसाच ठेवला. आम्ही बघत होतो. हात जागचा हलला नाही.

"न्हाय," तो म्हणाला.

बायकोनं सूप बाजूला ठेवलं. आमचं चुकलं कुठं ते तिला उमगल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. "मग खळं बारकं पडलं," ती म्हणाली. "येत्या साली जरा थोरलं करते."

मी तिला कोपरानं ढोसलं. दोन हिवाळ्यांचा करार तिला माहीत होता. पिशवी आता माळ्यावर जायची होती, आणि तसं ठरवणारी बाई त्याच्या खांद्यामागं उभी होती. तो हात तसाच वर धरून बसला होता. बाई त्या हाताकडं बघत होत्या.

मग त्यांनी पुढं वाकून विचारलं, "किती मोठं?"